हाताला न लागणारा रंग

भैयासाहेब, गाडीला कुणी हात लावायचा नाही असं तुम्ही बजावून ठेवलं होतं, म्हणून तुम्हाला नेलं त्या सकाळी मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा होतो. लोकांना वाटलं असेल, काय कोरडा माणूस आहे. तुमची लेक मीनल गाडीच्या दाराशी रडत होती, ड्रायव्हर हरगोविंद स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला होता, आणि मी शाळेत शिक्षा झाल्यासारखा, हात मागे, गाडीपासून वीतभर लांब. रंग ओला होता ना. म्हणजे वरून वाळला होता, पण तुमच्या शब्दांत आतून ‘कच्चा’. त्या दिवशी कितीदा वाटलं, कशाला तरी टेकावं. टेकायला तुमचीच गाडी होती, आणि तिला टेकायची मनाई तुम्हीच केली होती.

झाशीतल्या आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर लिहायला मला सांगितलंय. तुमचं शिक्षण, कॉलेजात शिकवलेलं रसायनशास्त्र, तुमचे विद्यार्थी कुठे कुठे पोचले, हे दुसरं कुणी लिहील. मला गाडीबद्दलच लिहिता येईल. आपल्या दोघांत होतं काय? मंडळाची एक पांढरी शववाहिनी आणि तिच्या रंगावरून अर्धवट राहिलेलं एक भांडण.

आपली ओळखही तिनंच करून दिली. मी सांगलीकडचा, कंपनीच्या बदलीनं झाशीत आलेला. प्रेम नगरात घर घेतलं, बाबांना आणून ठेवलं, आणि ऑफिसातले चार लोक सोडले तर शहरात कुणाला ओळखत नव्हतो. ज्येष्ठातल्या एका सकाळी बाबा गेले. पुढे काय करायचं, कुणाला बोलवायचं, लाकडं कुठे मिळतात, काहीच माहीत नव्हतं. ऑफिसातल्या कुणीतरी कुणाला फोन केला असावा. थोड्या वेळानं फाटकासमोर एक पांढरी व्हॅन उभी राहिली आणि त्यातून पांढऱ्या मिशांचा, उंच, अनोळखी माणूस उतरला. माझ्याजवळ येऊन म्हणाला, “आम्ही इथले मराठी लोक आहोत जी. घाबरून नको जाऊ. तुमच्याकडे जसं करतात, तसंच करू. मला फक्त सांगत जा.”

तोपर्यंत मी रडलो नव्हतो. आपल्या भाषेत कुणी ‘सांगत जा’ म्हणाल्यावर मग काही आवरलं नाही. बाबांना आत ठेवलं आणि मी गाडीच्या दाराला कपाळ टेकवून उभा राहिलो. किती वेळ, आठवत नाही. तुम्ही कुणाला घाई करू दिली नाहीत, एवढं आठवतं. स्मशानात पंडितजी माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, “बाबूजी, आप लोगों में ऐसा होता है क्या?” काय होतं, ते मला कळलं नाही, पण तेव्हा कुणी काहीही विचारलं असतं तरी मी मान डोलावली असती. म्हटलं, हाँ. तेवढ्यात तुम्ही आलात, खिशातून निळ्या चौकटींचा रुमाल काढलात, आणि माझं कपाळ पुसलंत. नीट, हलक्या हातानं, भुवयांपर्यंत. मला वाटलं, घाम. आई गेल्यानंतर माझा घाम कुणी पुसला नव्हता. त्या एका रुमालानं मी तुमचा झालो.

मग मी तुमच्या मागेच लागलो. रविवारी तुमच्याकडे यायचो, बडा बाजारामागच्या गल्लीत. पहिल्या पहिल्यांदा तुमचं मराठी ऐकून मला हसू यायचं, हेही सांगून टाकतो. कुणी पूर्वज पेशव्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. त्यामुळे तुमच्या बोलण्यात क्रियापदं हिंदीच्या वळणाची आणि भांडी पेशवाईतली. “ते गंगाळ काय करून राहिलंय तिथे?” असं तुम्ही वहिनींना विचारायचात आणि मी मनातल्या मनात तुम्हाला सुधारायचो. माझा मुलगा मला ‘पापा’ म्हणतो आणि त्याला गंगाळ म्हणजे काय ते ठाऊक नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही.

तुमच्याकडून बघून घेण्यासारखं खूप होतं, आणि ते तुम्ही कधी दाखवत नव्हतात. पूर्वी आपल्या लोकांना विटा वाहायच्या लोडर टेम्पोतून न्यायचे; ते तुम्हाला सहन झालं नाही म्हणून मंडळाच्या मागे लागून तुम्ही एका शाळेनं काढून टाकलेली ही व्हॅन मिळवलीत, पिवळीची पांढरी केलीत. प्रत्येक खेपेनंतर आतून स्वतः धुवायचात. प्रत्येक खेपेच्या आधी बाहेरून ओल्या फडक्यानं पुसायचात, विशेषतः दारं. मागच्या बाकाखाली चपलांचे जोड ठेवलेले असायचे, लहान-मोठे. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणालात, “दुःखात माणूस अनवाणी निघतो रे. आणि मे महिन्यात झाशीची सडक कुणाचं दुःख बघत नाही.” पिण्याचं पाणी, काडेपेटी, सेफ्टी पिना, आणि गोळ्या-बिस्किटांचा एक डबा, कारण कुणाला ना कुणाला मधुमेह असतोच. शववाहिनीत बिस्किटं ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

यंदा मंडळानं गाडी नव्यानं करून घ्यायचं ठरवलं. आधी खालची कामं झाली, आणि मग ती झाशीजवळच्या बरुआसागरची ट्रायल. आठवते ना? अजूनही मला मध्येच आठवते आणि ऑफिसात तोंड फिरवावं लागतं. तुमचं म्हणणं, नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर कसे लागलेत ते पुढे बसून कळणार नाही. “ज्याला मागे झोपायचंय त्याला विचारलं पाहिजे. आणि तो तर सांगत नाही.” म्हणून तुम्ही मागच्या स्ट्रेचरवर आडवे झालात, छातीवर हात ठेवून, डोळे मिटून, आणि मला म्हणालात, चल. मी चालवतोय, बाजूनं लोक हात जोडतायत, आणि मागून तुमचा आवाज येतोय, “डावीकडचा खड्डा चुकव. कमरेला लागून राहिलं.”

बरुआसागरला बाजाराशी गाडी थांबवली. रस्त्याकडेला एक जण आल्याचा ढीग लावून बसला होता. त्यानं गाडी बघून टोपी काढली, आणि तुम्ही मागच्या काचेशी उठून बसलात.

“काय भैया, अदरक कैसें दे रए?”

त्याच्या हातातला तराजू खाली पडला. “अरे दद्दा रे! हम तो समझे हते...”

“ठीक समझे हते. पर अबै ट्रायल चल रओ है.”

आपण आल्याची पिशवी घेऊन परत आलो, आणि वहिनींनी ती उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. “मेल्यांच्या गाडीतून भाजी आणताय? लाज आहे का दोघांना?” तुम्ही शांतपणे म्हणालात, “अगं, गाडीतून मी पण आलोय. मला येऊ देतेस की नाही ते सांग.” आलं शेवटी माझ्याकडे आलं. माझ्या बायकोला मी ते कुठून आणलं, अजून सांगितलेलं नाही. आता अंकात वाचेल.

रंगाचं काम होळीनंतर काढलंत. “होळीच्या आधी पांढरी केली तर होळीनंतर कोणत्या रंगाची असेल, काय भरवसा.” माझ्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत चादरी बांधून मांडव केला. तुम्ही रोज सकाळी स्कूटरवर यायचात. जुना रंग खरवडणं, पुट्टी, प्रायमर, मग पांढरा एनॅमल, कंप्रेसर आणि गन आणून. निवृत्त माणूस, वय बघता कुणीही कारागिराला दिलं असतं. तुम्ही मात्र दाराच्या कडेला असलेली लहानशी फुगीर जागा दिसली म्हणून अख्खं दार पुन्हा घासायला घेतलंत. हरगोविंद म्हणाला, “साब, किसको दिखेगा?” तुम्ही म्हणालात, “दिखेगा नहीं. हाथ को लगेगा.” मी ते ऐकलं आणि तसंच सोडून दिलं. आता वाटतं, तुमचं मला सगळं त्याच वाक्यात सांगून झालं होतं.

एनॅमल झाला, गाडी दुधासारखी दिसायला लागली. मला वाटलं, संपलं. तर तुम्ही म्हणालात, आता यावर क्लिअरचा हात द्यायचा, पारदर्शक, म्हणजे पांढरा रंग त्याच्या खाली झाकून राहील. आणि तोही लगेच नाही. महिनाभर थांबून.

इथून आपलं भांडण सुरू झालं.

माझे मुद्दे तुम्हाला पाठ होते. एक तर पांढऱ्यावर क्लिअर मारलं की काही वर्षांत ते पिवळं पडतं. दुसरं म्हणजे गरज काय? आणि महिनाभर गाडी उभी कशाला ठेवायची? तुम्ही मला शिकवायला बसलात, वर्गात शिकवायचात तसं. पिवळं पडायचं ते तेलाचं वार्निश. हे हार्डनरवालं क्लिअर आहे, ते तसं पिवळं पडत नाही. आणि थांबायचं कारण असं की एनॅमल हवेतून वाळतो, वरून खाली. “दुधावर साय धरते ना, तसा. हात लावला तर कोरडा. पण सायीच्या खाली दूध ओलंच. वरून क्लिअरचा तेज थिनर पडला की साय आकसून जाते.” मी म्हटलं, हे तुमच्या पुस्तकात. पुढच्या रविवारी घरी आलो तर कणकेच्या डब्याचं झाकण पांढरं रंगवून वर लगेच थिनर मारलेलं, आणि त्याच्यावर म्हाताऱ्या हातासारख्या सुरकुत्या. मला दाखवण्यासाठी वहिनींचं चांगलं झाकण तुम्ही वाया घालवलंत. “ही तुझी घाई,” म्हणालात. वहिनी आतून म्हणाल्या, “आणि हा माझा डबा.”

हरलो, तरी मी मानलं नाही. “महिनाभर गाडी बंद ठेवायची आणि तेवढ्यात कुणी गेलं तर?”

“नाही जाणार कोणी. सगळ्यांना सांगून ठेवलंय. तब्येत सांभाळा, गाडी बंद आहे.”

खरंच सांगितलं होतंत तुम्ही. मंडळातल्या वयस्कर मंडळींना फोन करून. ते सगळे अजून ठणठणीत आहेत, भैयासाहेब. तुमचं सगळ्यांनी ऐकलं.

पाडव्याच्या थोडं आधीची ती संध्याकाळ. मी ऑफिसातून सरळ तुमच्याकडे आलो होतो, कुणा साहेबाचा राग डोक्यात घेऊन. पुन्हा क्लिअरचं निघालं. तुम्ही डबा आणून ठेवला होता, हे कळल्यावर मला उगाचच वाटलं की माझं म्हणणं तुम्ही मोडीत काढलं. वहिनी चहा गाळत होत्या. आणि मी म्हणालो, “मेलेल्या माणसाला चमक काय कळणार, भैयासाहेब? हा सगळा तुमच्या हौसेचा खेळ आहे.”

तुम्ही लगेच म्हणालात, “मेलेल्याला नाही रे...” आणि थांबलात. माझ्याकडे बघितलंत. डोळ्यांकडे नाही, जरा वर. मग म्हणालात, “जाऊ दे. चहा घे.”

मी चहा न घेता उठलो. वहिनींनी कप पुढे केला होता. ‘उशीर झालाय’ म्हणून सांगितलं. उशीर कसलाही झाला नव्हता. पायऱ्या उतरताना तुमचा आवाज आला, “स्कूटर हळू चालव,” आणि मी ‘हो’ सुद्धा म्हटलं नाही.

सकाळी मीनलचा फोन आला. ती पाडव्यासाठी बेंगळुरूहून आली होती. “काका, आप आ जाओ. पापा उठ नहीं रहे.”

पुढचं तुम्हाला सांगायचं तर एवढंच, की बाबांच्या वेळी मला काही माहीत नव्हतं आणि या वेळी मला सगळं माहीत होतं. लाकडं कुठे मिळतात, कुणाला फोन करायचे, काय काय लागतं. सगळं तुम्ही शिकवलेलं. फक्त एक गोष्ट ठरवता येईना. हरगोविंद अंगणात उभा राहून विचारत होता, “साब, गाड़ी कौन सी?” महापालिकेची मागवायची की आपली काढायची? आपली तर बंद. तुमचाच हुकूम. मी वहिनींना विचारलं, कसं विचारलं माझं मला माहीत. त्यांनी डोळ्यांना पदर लावलेला होता. पदर न काढता म्हणाल्या, “स्वतः आत झोपून बघून आलेत ना? मग आता दुसरी कशाला?”

म्हणून आपली गाडी आली. गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली, कारण आत वळत नाही. लोक गर्दी करत होते आणि हरगोविंद रडत रडत ओरडत होता, “हाथ मत लगाइए! पेंट कच्चा है! भैयासाहब नाराज होंगे!” तुमचे जुने विद्यार्थी आले होते, चांगले पिकल्या केसांचे, ते वर्गात उभे राहावेत तसे एका ओळीत मागे सरकले. पण फुलं कोण थांबवणार? वरच्या खिडक्यांतून बायकांनी झेंडूच्या पाकळ्या टाकल्या, कुणी गुलाल उधळला. मी हात मागे बांधून बघत राहिलो. पाकळी पडायची आणि घसरायची नाही. जिथे पडली तिथेच राहायची.

परत आल्यावर बघितलं, तर सगळ्या टपावर, मागच्या दारावर, पाकळ्या चिकटलेल्या. मीनलनं एकेक करून काढल्या, पण प्रत्येकीच्या जागी पिवळा ठसा. गुलालाचे गुलाबी डाग, कुणाच्या तरी बोटांचे ठसे. होळीपासूनची तुमची सगळी मेहनत. तुम्हाला तुमच्याच गाडीतून नेताना आम्ही तुमची गाडी खराब केली.

तेरावा झाला. पाहुणे गेले. मीनल लॅपटॉप घेऊन इथेच राहिली. एका संध्याकाळी वहिनींनी बोलावलं आणि फडताळातून तो क्लिअरचा डबा आणि हार्डनरची बाटली काढून माझ्यासमोर ठेवली.

“हे घेऊन जा.”

“वहिनी, आता कशाला? मी तर नकोच म्हणत होतो.”

“माहितीये. चहा टाकून गेलात तुम्ही त्या दिवशी.”

मी खाली बघितलं. समोर कणकेचा डबा होता, सुरकुतलेल्या झाकणाचा. त्या ते झाकण अजून वापरतायत.

वहिनी म्हणाल्या, “तुम्हाला त्यांनी सांगितलं नाही ना, कशासाठी ते? नाहीच सांगणार. तुमच्या वडिलांच्या वेळी तुम्ही गाडीला कपाळ लावून उभे होता. जुना रंग तो, उन्हानं त्याचं पीठ झालेलं. हात लावला की हाताला यायचा. तुमचं सगळं कपाळ पांढरं झालं आणि तसेच तुम्ही स्मशानात गेलात. पंडितजींना वाटलं, महाराष्ट्रात अशा वेळी भस्म लावत असतील.”

मला एकदम ऐकू आलं. आप लोगों में ऐसा होता है क्या.

“घरी आले ते जेवले नाहीत. म्हणाले, त्या मुलाचा बाप गेला आणि आपल्या गाडीनं त्याचं तोंड रंगवलं. तेव्हापासून दर खेपेच्या आधी ओलं फडकं घेऊन गाडी पुसायचे. पण पुसून किती जाणार? दोन दिवसांत पुन्हा पीठ. म्हणून हे क्लिअर. लोक टेकतात ना गाडीला.”

तर हे होतं. ‘मेलेल्याला नाही रे’ च्या पुढचं वाक्य मी घरी जाताना पुरं केलं. आत जो असतो त्याला रंग दिसत नाही. बाहेर जो उभा असतो, तो टेकतो. तुम्ही चपला ज्याच्यासाठी ठेवायचात, बिस्किटं ज्याच्यासाठी ठेवायचात, क्लिअर त्याच्यासाठी होतं. आणि तो मी होतो. म्हणून तुम्हाला सांगता येईना. ‘तुझं तोंड पांढरं झालं होतं’ असं मला सांगण्यापेक्षा माझ्याकडून हौसेचा खेळ म्हणवून घेणं तुम्हाला बरं वाटलं. तुमच्या जागी मी असतो तर वाद जिंकण्यासाठी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं असतं. एवढाच फरक आहे भैयासाहेब आपल्यात, आणि तो फार मोठा आहे.

मी वहिनींना म्हटलं, मला माफ करा. त्या म्हणाल्या, “मला काय सांगता? कामाला लागा.” आणि चहा टाकला. तो मी प्यायलो. गार होईपर्यंत हातात धरून बसलो होतो, पण प्यायलो.

मग रोज ऑफिसातून आल्यावर मांडवात जायचो आणि मागच्या नंबरच्या पाटीखाली, जिथे दिसत नाही तिथे, अंगठ्याचं नख दाबून बघायचो. तुम्ही दाखवलं होतंत तसं. नख उमटलं की अजून कच्चा. पहिल्यांदा चंद्रकोरीसारखी खूण उमटायची, मग पुसट, मग आणखी पुसट. मला घाई करायचा मोह झाला नाही, असं नाही. पण झाकण आठवायचं.

ज्या दिवशी नख उमटलं नाही, त्याच्या दुसऱ्या सकाळी पाण्यात भिजवून बारीक रेगमाल, म्हणजे घासायचा कागद, घेतला. चकाकत्या रंगावर क्लिअर धरत नाही, आधी हलकं घासून त्याची चमक मारावी लागते, हेही तुमचंच. तिथे मीनल आली. पाकळ्यांच्या ठशांवर हात ठेवून म्हणाली, “काका, ये रहने दो ना. इसके ऊपर ही क्लियर मार दो. पापा वाले फूल हैं.”

माझा हात थांबला. मलाही तेच हवं होतं. ते ठसे पारदर्शक थराखाली कायमचे राहतील, आम्ही जाता-येता बघू. वहिनी खुर्चीवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, “मीनू, फुलं त्यांची होती. डाग त्यांचे नाहीत.” मग माझ्याकडे वळून, “घासा.”

मी घासलं. पिवळं पाणी ओघळून खाली गेलं, गुलाबी गेलं, खालचा तुमचा पांढरा वर आला. जिथे जास्त खोल गेलं होतं, तिथे एनॅमलचा पुन्हा हात द्यावा लागला, आणि पुन्हा थांबावं लागलं. मीनल थोडा वेळ रागावून बसली. मग उठली आणि दुसरा रेगमाल घेऊन समोरच्या दाराला लागली. “ऐसे, काका? गोल गोल?” मी म्हटलं, गोल नाही, सरळ. मराठीत म्हटलं. तिनं मराठीतच उत्तर दिलं, “सरळ करून राहिली ना.” अगदी तुमच्या चालीवर. मी सुधारलं नाही.

क्लिअर मी मारलं. हरगोविंदनं पाइप धरला. गन माझ्या हातात होती आणि तुम्ही कानात बोलत होतात: पहिला हात ओला नको, नुसता धुक्यासारखा. थांब. आता दुसरा. हात थांबवू नको, थांबलास की ओघळ. एका कोपऱ्यात ओघळ आलाच. तो तुम्हाला दिसला असता. तुम्ही काही बोलला नसतात, पण दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर येऊन एकटेच घासत बसला असतात.

पिवळं पडेल की नाही, ते कळायला काही वर्षं जावी लागतील. पडलं तर मी जिंकलो. पण मग सांगायला कुणाकडे जाऊ? नाही पडलं तर तुम्ही, आणि तेही सांगायचं राहील.

आज सकाळी लवकर गेलो. मांडवाच्या चादरी काढल्या. कडुलिंबाची सावली दारावर पडली होती, पान न् पान दिसत होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. नेहमीच्या सवयीनं हात पाठीमागे गेले होते, ते सोडवले आणि दारावर टेकवले. मग कपाळ टेकवलं. गार होतं. खूप वेळ उभा राहिलो. बाबांसाठी किती आणि तुमच्यासाठी किती, ते वेगळं करता आलं नाही. आणि या वेळीही मला कुणी घाई केली नाही.

वहिनींनी तुमचा निळ्या चौकटींचा रुमाल मला दिलाय. तो काढून कपाळ पुसलं, नीट, भुवयांपर्यंत, आणि उजेडात धरून बघितला. ओला झाला होता. पांढरं काही लागलं नव्हतं.